उचल न घेतलेला माणूस

नंदुरबार तालुक्यातलं धानोरा गुजरातच्या हद्दीजवळ आहे. दिवाळी झाली की या पट्ट्यातल्या वस्त्यांमधली बिऱ्हाडं हलू लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला बार्डोली-सुरतेकडे निघतात. लहान मुलं सोबत जातात, म्हातारी माणसं घरं राखतात. काही जण होळीला येऊन जातात, बाकीचे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे परततात.

अशा मुलखात परसातल्या दहा गुंठ्यांवर वर्ष काढणारा, ऋतू बघून पेरणारा, फारसं काही विकत न घेणारा एखादा म्हातारा भेटला, की शहरातून आलेला पाहुणा भारावतो आणि तोंड भरून कौतुक करून जातो. त्याच घरातल्या शिकलेल्या मुलीला त्या कौतुकाचा राग येतो. दोघांचंही म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं असं आहे, म्हणून त्यांना इथे समोरासमोर बसवलं आहे. आजा आणि नात ही माणसं रचलेली आहेत. त्यांचा मुलूख, त्यांचे ऋतू आणि त्यांच्यातलं भांडण मात्र खरं आहे. आजाने पंच्याहत्तरी गाठली आहे, नात परिचारिका आहे. रोहिण्या लागल्या आहेत, मृग तोंडावर आला आहे. या पावसाळ्यात बागेत काय लावायचं, यावरून बोलणं निघालं आहे.

नात : आजा, यंदा माझं ऐक. सगळ्या बागेत मिरची लाव. ठिबकचे पैसे मी भरते, मल्चिंगचा कागद आणते, रोपं रोपवाटिकेतून आणू. नंदुरबारला मिरचीची एवढी मोठी बाजारपेठ आहे. पथारीवर वाळवायला व्यापारी ओली लाल मिरची उचलतात. चार पैसे तरी दिसतील.

आजा : मिरची मी लावतोच की.

नात : दोन ओळी. घरापुरती.

आजा : घरापुरती म्हणजे थोडी, असं तुला वाटतं. मला तर तेच माप कळतं, पोरी. तुझ्या मिरचीला रोप बाहेरचं, कागद बाहेरचा, औषध बाहेरचं. पानं आकसायला लागली की आठवड्याला फवारा. भाव मिळाला तर ठीक. पडला तर तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही. मग दुकानाची उधारी फेडायला मी या वयात कोयता धरू?

नात : सगळ्यांचीच मिरची बुडते असं नाही.

आजा : बुडत नाही, खरं आहे. पण ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याची एक एकर बुडली तर तो पुढच्या वर्षी पुन्हा लावतो. माझे दहा गुंठे बुडले तर माझं ताटच बुडालं. माझ्या बागेत एक वाफा गेला तर दुसरा असतो. भेंडीवर रोग आला तर गवार असते, गवार गेली तर गिलकं असतं. मृगाचा पाऊस वीतभर खाली उतरला की मी कुंपणाच्या कडेने गिलकी, दोडकी आणि गंगाफळ टोचतो. मधल्या वाफ्यांत भेंडी, गवार, अंबाडी. बांधाला तूर आणि वाल, दारापुढे मका. हे सगळं हाताशी येईपर्यंत आषाढात रानच जेवायला घालतं. तरोटा, कुर्डू, करटुली. तीसुद्धा पहिली भाजी देवाला दाखवायची आणि मग तोंडाला लावायची. तोवर कोवळं पान खुडायचं नाही, म्हणजे रोपाला वाढायला सवड मिळते. श्रावणात वांगी-मिरचीची रोपं लागतात. भादव्यात कणसं आणि काकड्या. पाऊस उघडला की जमिनीतल्या ओलीवर मेथी, हरभरा, लसूण, कांदा. पौषात वालाच्या शेंगांनी टोपली भरते. माघापासून विहीर खाली जाते, म्हणून वाफे मोडतो आणि पाणी केळी, पपई, शेवग्यापुरतं ठेवतो. फाल्गुनात मोह गळतो. चैत्रात शेवग्याच्या शेंगा असतात, कैऱ्या सोलून आमचूर वाळवायचा असतो. वैशाखात साठवणीचं खायचं. माळ्यावरचं गंगाफळ, वालाची डाळ, कांदे.

नात : हे वर्ष मला पाठ आहे, आजा. तू जे सांगत नाहीस ते मी सांगते. तांदूळ आणि गहू रेशनचे. आपलं अंत्योदयचं कार्ड, महिन्याला 35 किलो धान्य. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये. मामा सुरतेहून पाठवतो ते वेगळे. तेल, मीठ, चहा, साखर, चपला दुकानातून. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात. मागे एक पाहुणे आले, फोटो काढले आणि म्हणाले, ‘आजोबांना कुणाची गरज नाही.’ मला तेव्हा बोलावंसं वाटलं होतं.

आजा : मग बोलायचं होतंस. मी कधी म्हटलं मला कुणाची गरज नाही? बहात्तरच्या दुष्काळात मी तरणाताठा होतो. सरकारने काढलेल्या कामावर खडी फोडली म्हणून घर जगलं. पाऊस दगा देतो तेव्हा बागही दगा देते. रेशन मला भीक वाटत नाही, ते माझ्या नावचं आहे. पण नुसत्या रेशनच्या भातावर काय घालून खाशील? मीठ आणि तिखट. त्या भातावर जे पडतं ना, ते बागेतून येतं.

नात : तेच तर मी रोज बघते. मीठ आणि तिखट. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. निम्म्याहून जास्त! तू म्हणतोस रान जेवायला घालतं, बाग जेवायला घालते. मग या पोरांना कोण का घालत नाही?

आजा : कारण बाग जेवायला घालते तेव्हा ती पोरं इथे नसतात.

नात : म्हणजे?

आजा : मोज ना महिने. बागेत सगळ्यात जास्त भाजी कधी? कार्तिकापासून माघापर्यंत. तेव्हा ती आईबापांबरोबर उसाच्या फडात, पालात. पहाटे आई तोडीला गेली की दिवसभर भाकरी आणि चटणी. परततात तेव्हा वैशाख. विहिरी तळाला गेलेल्या, रान वाळलेलं, परसात धूळ. आपल्या मुलखात अन्न पिकायचे महिने आणि माणसं घरी असायचे महिने जुळत नाहीत. मी इथेच राहिलो, म्हणून खाऊ शकलो. माझं शहाणपण काय ते एवढंच. मी उचल घेतली नाही.

नात : आणि का घेतली नाहीस? सांग ना.

आजा : लागली नाही म्हणून.

नात : लागली नाही, कारण आपल्याकडे विहीर आहे. सातबारा तुझ्या नावावर आहे. शेजारच्या काकाकडे काय आहे? पावसाच्या भरवशावरचा माळ, त्यालाही तीन वाटेकरी. भाद्रपदात घरातलं धान्य संपतं, नेमका तेव्हाच मुकादम रोख पैसे घेऊन दारात उभा राहतो. काकाने काय करायचं? त्याला जाऊन सांगू का, गिलकी लाव म्हणून? पाणी कुठलं?

आजा : (थोडं थांबून) हे खरं आहे. आणि ही जमीनही मी एकट्याने राखलेली नाही. माझ्या बापाच्या हातून गेली होती. थोड्या धान्याच्या कर्जात. शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांनी आणि श्रमिक संघटनेने लोक उभे केले, आपल्यासारखी माणसं मैलोन्‌मैल पायी मोर्च्याला गेली, तेव्हा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला.

नात : 1974 चा.

आजा : त्याच कायद्याने हा तुकडा परत आला. ज्यांचे परत आले नाहीत, ते अजून उसाला जातात. पाहुण्यांना मी बाग दाखवतो, पण हे त्यांनी कधी विचारलं नाही.

इथे दोघांना जरा थांबवतो. घरापुरत्या बागेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक होते. ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून त्यांनी असा हिशोब मांडला, की दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं. त्यांचा भर जुन्या दिवसांच्या आठवणींवर नव्हता. पानावर किती ऊन पडतं, मुळाला किती पाणी लागतं, पालापाचोळ्यातून माती किती दिवसांत तयार होते, हे प्रत्येकाने स्वतः मोजून बघावं असं ते सांगत. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना प्रयोगाची गोडी लावण्यातही त्यांचाच वाटा होता. म्हणजे बाजाराचं द्राक्ष आणि ताटातली भाजी यांच्यात त्यांना वैर दिसलं नाही. धानोऱ्यापासून दूर समुद्राकडे, उंबरगावजवळच्या देहरीत भास्कर सावे (1922–2015) यांनी रसायनांवर वाढवलेली शेती सोडून झाडांची, मिश्र पिकांची वाडी उभी केली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी परसातलं गावठी बी गोळा करून घराची बीज-बँक केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ‘बायफ’ या संस्थेने आपल्याच जिल्ह्यातल्या धडगावकडच्या मका-ज्वारीच्या जुन्या वाणांचं जतन तिथल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन केलं आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी बाग पाहायला बोलावलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. बी दिलं, रीत शिकवली आणि माणसं जोडली. आजा आणि नात यांचं बोलणंही आता त्याच वळणावर येतं.

नात : मला मिरचीचा हट्ट नाही, आजा. मला भीती वाटते ती आजारपणाची. सिकलसेलच्या पोराला कळा सुटतात तेव्हा शेवग्याच्या पाल्याने भागत नाही. हायड्रॉक्सीयुरिया लागतं, कधी रक्त चढवावं लागतं, रात्री गाडी करून नंदुरबार गाठावं लागतं. औषध फुकट मिळालं तरी गाडी फुकट मिळत नाही. सोबत गेलेल्याचा रोज बुडतो. अशा वेळी हातात रोख नसली तर माणूस पुन्हा मुकादमाकडेच जातो.

आजा : पैसा नको असं मी म्हणत नाही. आमचूर मी विकतो, शेवगा विकतो, कोंबड्यांची अंडी विकतो. जे उरतं ते विकतो. आधी विकायचं आणि उरलं तर खायचं, हे मला जमत नाही. तू सांगतेस त्या मिरचीत मला हीच उलटी गोष्ट दिसते.

नात : आणि मला तुझ्या बागेत एकट्याची सोय दिसते. तू नीट खातोस. वस्तीचं काय?

आजा : वस्तीला बी देतो की! मागितलं तर कुणाला नाही म्हणत नाही.

नात : मागायला येतात कुठे? पेरायच्या वेळी ते परतलेले असतात, पण त्यांना राखायची रीत आठवत नाही. दुकानातून पाकीट आणतात. संकरित असलं तर पुढच्या वर्षी त्याचं बी पेरून तसंच फळ येत नाही, मग पुन्हा पाकीट. मला बी नुसतं देऊ नकोस. कसं राखायचं ते दाखव. मी बायकांना दाखवेन.

(आजा उठून आढ्याला टांगलेलं एक वाळकं गिलकं काढतो.)

आजा : हे बघ. वेलाचं पहिलं फळ खायचं. जो वेल निरोगी आणि जोमाचा, त्याचं दुसरं-तिसरं फळ राखायचं. देठाला चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडत नाही. ते वेलावरच वाळू द्यायचं. साल तपकिरी झाली आणि हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं की काढायचं. आता हे टोक बघ. इथे देवानेच झाकण केलंय. अंगठ्याने दाबलं की टोपी निघते. उलटं धरून आपट.

(सुपात काळं बी सांडतं.)

नात : सगळं काळंच?

आजा : काळं ते भरलेलं. पांढुरकं, हलकं ते पोचट, ते टाकून द्यायचं. आता राख. चुलीतली, चाळलेली, पूर्ण गार झालेली. बी आणि राख एकत्र. आधी हे दुधीच्या वाळक्या तुंब्यात भरत, आता मी बाटलीत भरतो, बूच घट्ट लावतो. मक्याचं निराळं. कणसाची साल मागे ओढून वेणी घालायची आणि चुलीवर आढ्याला टांगायची. धुराने कीड लागत नाही. आणि ही गिलक्याची जाळी फेकायची नाही. अंग घासायला, भांडी घासायला. दुकानात हिचे पैसे पडतात.

नात : तू हे शाळेत येऊन सांगशील?

आजा : शाळेत नको. पोरं ऐकतील आणि विसरतील. ज्या घरी बाळंतीण आहे त्या घरी चल, मी बी घेऊन येतो. तिच्या दारात न्हाणीचं पाणी वाहून जात असेल. तिथेच केळ, अळू आणि दोन वेल लावून देऊ. त्याला विहीर लागत नाही.

नात : न्हाणीच्या पाण्यावर बाळंतिणीची भाजी निघेल. पण वैशाखात? तूच म्हणालास, परतलेल्या पोरांना नेमकी तेव्हाच भाजी मिळत नाही. माघात तू वाफे मोडतोस, कारण पाटाने पाणी दिलं तर विहीर पुरत नाही. ठिबक मी मिरचीसाठी सांगत होते. मिरची राहू दे. ठिबक बागेलाच लाव. जे पाणी माघापर्यंत पुरतं ते वैशाखापर्यंत पुरव. चवळी, माठ, राजगिरा. उन्हाळ्यातही पाला काढ, आणि परत येणाऱ्या घरांना दे.

आजा : नळ्या उंदीर कुरतडतात म्हणे.

नात : कुरतडल्या तर जोडू.

आजा : पाणी वाचतं का खरंच?

नात : पाटाने देतोस त्यापेक्षा नक्की वाचतं. मुळाशी पडतं, वाटेत मुरत नाही.

आजा : मग लाव. मी आजवर विहीर बघून बाग आखत आलो. ज्यांच्यासाठी बाग आखायची ती माणसं कधी घरी असतात, हे बघून कधी आखली नव्हती. पण एक सांगतो. शेजारच्या काकाला विहीर नाही, त्याला ठिबक देऊन काय उपयोग? तुझ्या दवाखान्याच्या कागदांत पोरांची वजनं लिहितेस ना, तिथे एक रकाना त्याच्या पाण्याचाही लिही.

संवाद इथे संपवतो, कारण दोघांनी मिळून जे म्हणायचं ते म्हटलं आहे. माझं मत आता स्पष्ट मांडतो.

आजाची बाग रुपयांत मोजली तर नातीचं म्हणणं बरोबर ठरतं. दहा गुंठ्यांतल्या भाजीपाल्याला बाजारात फारशी किंमत येणार नाही, आणि आजारपणाला रोख लागते ती लागतेच. पण भाद्रपदात मुकादम दारात उभा राहतो तेव्हा त्या बागेची किंमत वेगळी ठरते. घरात वाल आहे, माळ्यावर गंगाफळ आहे, पाऊस उघडला की मेथी येईल, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. निदान ‘या अटीवर नाही’ असं म्हणून घासाघीस करू शकतो. रिकाम्या घरातल्या माणसाला ते करता येत नाही. साध्या राहणीचं खरं मोल मला इथे दिसतं. कमी गरजांत मनाचं समाधान आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की कमी गरजांचा माणूस सहजी बांधला जात नाही.

मात्र ही ताकद त्याला स्वभावातून मिळालेली नाही. सातबाऱ्यावरचं नाव, विहिरीतलं पाणी, राखलेलं बी, वेळेवर मिळणारं रेशन आणि सरकारी दवाखाना या पाच गोष्टींवर ती उभी आहे. यांतली प्रत्येक गोष्ट कुणीतरी भांडून मिळवलेली आहे. शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा हक्क 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने मिळाला. वनजमीन कसणाऱ्यांचा हक्क 2006 च्या कायद्याने मान्य झाला. पात्र कुटुंबांच्या वाट्याचं धान्य 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरलं. म्हाताऱ्याच्या साधेपणाचं कौतुक करताना हे सगळं वगळलं, तर ते कौतुक गरिबांविरुद्धच वापरलं जातं. बघा, हा कसा थोडक्यात राहतो, मग तुम्हाला पाणी कशाला, रस्ता कशाला, मजुरी वाढवून कशाला, असा त्याचा अर्थ लावणारे कमी नाहीत.

सरकारच्या ‘उमेद’ अभियानातल्या बचतगटांमधून पोषण परसबागेची मोहीम गावोगाव गेली आहे, अंगणवाड्यांच्या आवारातही वाफे दिसू लागले आहेत. पाऊल योग्य आहे. पण नंदुरबारमध्ये या मोहिमेने आजाचं म्हणणं मनावर घ्यायला हवं. माणसं घरी असतात त्या महिन्यांत भाजी येईल अशी बाग आखायची, तर उन्हाळ्याचं पाणी आधी लागेल. वस्तीमागे एक सामाईक विहीर, तिच्यावर ठिबक, आणि कोयत्यावर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी फडाजवळ अंगणवाडी, एवढं झालं तर परसातल्या भाजीचा परिणाम मुलांच्या वजनात दिसू लागेल.

आजाच्या वाटेने सगळ्यांनी जावं असं मी म्हणणार नाही. नातीने परिचारिका व्हावं, मामाने सुरतेला काम करावं, ज्याला जमेल त्याने मिरचीही करावी. पण जो माणूस मनाने जातो आणि जो उचल फेडायला जातो, त्यांत फरक आहे. धानोऱ्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला तो फरक स्वतः ठरवता यावा. त्यासाठी प्रत्येक घरामागे दहा गुंठे ओली जमीन असणं हा त्या घराचा हक्क मानला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत मागत राहिलं पाहिजे.